गणपती उठले, पसारा बसला

गणपती बसवायला माणसांची कमतरता कधीच पडत नाही. मखर कुठे ठेवायचं यावर मत द्यायला आमच्या डोंबिवलीच्या दोन बेडरूमच्या घरात इतकी माणसं जमतात की मखर ठेवायलाच जागा उरत नाही. खिळा कुठे मारायचा हे दोघं सांगतात, तिसरा स्टूल धरतो, चौथा ‘डावीकडे, अजून जरा वर’ म्हणतो आणि पाचवा या सगळ्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो. तोच खिळा उपटायची वेळ येते तेव्हा घरात मी असते, खिळा असतो आणि आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज असतो, “जपून गं, प्लॅस्टर निघेल.”

लोकमान्य टिळकांनी 1893 साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं. फार मोठं काम झालं. 2025 साली राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हणून जाहीर केलं. तेही बरंच झालं. पण मधल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत आवराआवरही सार्वजनिक करावी असं एकाही पुढाऱ्याच्या मनात आलं नाही. ती खासगीच राहिली, आणि घरातली खासगी कामं कोणाच्या वाट्याला येतात हे काही मी सांगायला नको.

खरं तर शिस्त शिकावी ती गणपतीकडूनच. आमच्याकडे गौरींबरोबर गणपती जातात. उत्तरपूजा झाली, अक्षता वाहिल्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवली, दहीपोह्यांची शिदोरी दिली की निघाले. पुढच्या वर्षी कधी येणार ते पंचांगात छापलेलं. आमच्या घरातून वेळेवर निघणारा हा एकमेव पाहुणा. नागपूरच्या नणंदेचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, “उद्याच्या विदर्भने निघतो” असं रोज रात्री जेवताना म्हणतात. ती गाडी बिचारी रोज संध्याकाळी मुंबईहून सुटते, रोज कल्याणला थांबते आणि रोज भाऊजींवाचून पुढे जाते. एकदा वाटलं, यांच्यावरही चार अक्षता टाकून जरा हलवून बघावं. पण जिवंत माणसाची उत्तरपूजा शास्त्रात सांगितलेली नाही.

आमच्या कामाच्या मावशी आवाहनाच्या आदल्या दिवशी गावी जातात. त्यांच्याही घरी गौरी येतात, त्यामुळे मला तोंड उघडायला जागा नसते. “ताई, गौरी पोचवल्या की लगेच येते बघा,” असं म्हणून त्या जातात आणि मी रात्री जागून अर्धं घर आवरलं की येतात. दारात चपला काढता काढताच हॉलवरून नजर फिरवतात. “अगं बाई! कोणी आवरलंच नाही वाटतं?”

उत्सवानंतरचा पसारा पहिला बसतो तो फ्रिजमध्ये. पूजनाच्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, पंचामृत, कढी, दोन कोशिंबिरी, भजी, खीर. निघायच्या दिवशी वाटली डाळ. सोळा भाज्या म्हणजे सोळा पातेली नव्हेत, एवढी बुद्धी पूर्वजांनी दिली. त्या सगळ्या एकाच पातेल्यात नांदतात. दोन दिवसांनी आमच्या ‘अहों’नी एक डबा उघडून विचारलं, “ही कसली भाजी आहे?”

“सगळ्या,” मी म्हटलं.

त्यांनी झाकण पुन्हा लावलं आणि डबा होता तिथेच ठेवला. हाच तर घोळ आहे. नैवेद्याचं म्हणून टाकायचं नाही, आणि पूजनाच्या दिवशी पोटाला तडस लागेपर्यंत खाल्लेलं म्हणून कोणी खात नाही. मग ते फक्त जागा बदलतं. पातेल्यातून मोठ्या डब्यात, मोठ्यातून छोट्यात, छोट्यातून वाटीत. दर टप्प्याला एक भांडं घासायला पडतं. वाटीच्या तळाशी चमचाभर पंचामृत उरतं तेव्हा त्याच्या नावावर चार भांडी झालेली असतात, आणि तो शेवटचा चमचा मी ओट्यापाशी उभ्या उभ्या तोंडात टाकते. ‘बाईची जात, संपवायला बसलेली,’ असं कोणी म्हणत नाही, पण फ्रिज बघून सगळे ज्या नजरेने माझ्याकडे बघतात तिचा अर्थ तोच असतो.

मग नारळ. येणारा प्रत्येक जण देवापुढे नारळ ठेवतो. रिकाम्या हाताने कसं जायचं, हा सभ्य माणसाचा प्रश्न आणि आता हे ठेवायचं कुठे, हा यजमानाचा. पहिले काही नारळ टोपलीत राहतात, नंतरचे टोपलीच्या आजूबाजूला, त्यानंतरचे सोफ्याखाली. रात्री पाणी प्यायला उठलेले भाऊजी अंधारात एका नारळावर पाय देऊन असे काही घसरत गेले की दुसऱ्या दिवशी ते नक्की विदर्भ गाठणार अशी मला आशा वाटली. पण पाय मुरगळला. मुक्काम वाढला.

नारळांवर उपाय एकच, नारळीपाकाच्या वड्या. सासूबाई खोवणीवर बसतात आणि चार दिवस घराला खोबऱ्याचा वास सुटतो. त्या वड्या शेजारी द्यायच्या म्हणजे डबा हवा. इथून पुढे गोष्ट गंभीर होते.

महाराष्ट्रात स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतात. भांड्यांच्या दुकानात कोपऱ्यात एक माणूस थरथरणारी सुई घेऊन बसलेला असतो आणि आपण सांगू ते नाव डब्यावर कोरून देतो. भांडं हरवू नये हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात भांडं हरवायचं ते हरवतंच. फक्त कोणाचं ढापलंय हे ढापणाऱ्याला रोज वाचावं लागतं. आमच्या मांडणीवर माझ्या नावाचे डबे निम्म्याहून कमी आहेत. बाकीच्यांवर वेगवेगळ्या आडनावांच्या बायका ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या आहेत. एका झाकणावर कोण्या सौ.चं नाव आहे आणि खालच्या डब्यावर भलत्याच सौ.चं. दोघी एकमेकींना ओळखतही नसतील, पण आमच्या घरी त्यांचं घट्ट बसतं. एका वाटीवर ‘सप्रेम भेट’ स्वच्छ वाचता येतं, खाली 1987 साल आहे. मध्ये भेट देणाऱ्याचं नाव होतं ते घासून घासून गुळगुळीत झालंय. 1987 साली आमच्या इमारतीचा पायासुद्धा खणलेला नव्हता. ती वाटी आली कुठून?

बरं, डबे परत करावेत म्हटलं तर रिकामा डबा परत करायचा नाही, हा आपला अलिखित कायदा. भरून द्यायचा तर आधी काहीतरी केलं पाहिजे. केलं, भरला, दिला, की त्यांच्याकडे राहिलेला आपला डबा ते भरून पाठवतात. आता त्यातलं खाऊन डबा घासून ठेवला तरी मनाला टोचणी की त्यांनी एवढं पाठवलं, आपण काय दिलं? हे थांबवायचं तर दोघांपैकी एका घराने उद्धट व्हायला हवं. डोंबिवलीत तेवढी हिंमत अजून कोणी दाखवलेली नाही.

भाऊजी अखेर एकदाचे लंगडत गाडीत बसले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नणंदेचा फोन.

“अगं, माझा उभा डबा राहिला का तिकडे? संत्राबर्फी आणली होती तो?”

“आहे ना, ताई. भाऊजींचा चार्जरही राहिलाय. चष्म्याचं घर, हिंग्वाष्टकाची बाटली आणि एक मोजा.”

“एकच मोजा?”

“एकच.”

“मग दुसराही तिकडेच असणार. नीट बघ, सोफा सरकवून.”

त्या मोज्यापायी मी सोफा सरकवला. मोजा नव्हता. तीन नारळ होते.

ओटीच्या ब्लाउजपीसांबद्दल बोलायचं तर मला आता त्यांचा नकाशाच काढता येईल. नवख्या सुनांना वाटतं की ब्लाउजपीस शिवायचा असतो. तो फिरवायचा असतो. आमच्याकडे एक मोहरी रंगाचा आहे, राणी रंगाच्या काठाचा, कोपऱ्यात हळदीचा अंगठ्याएवढा डाग. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी तो समोरच्या काकूंच्या ओटीत घालून मोकळी झाले होते. भाद्रपदात बदलापूरच्या जाऊबाईंनी ओटी भरली तेव्हा तांदळांखाली काहीतरी ओळखीचं दिसलं. डाग तिथेच. काकू आणि जाऊबाई यांचा एकमेकींशी संबंध काय, मधे किती घरं झाली, कोणाला माहीत. सासूबाईंना दाखवला तर त्यांनी तो डोळ्यांना लावला. “लक्ष्मी परत आली हो घरी,” म्हणाल्या आणि कपाटात ठेवून दिला. कपाटात आमच्या अशा परत आलेल्या लक्ष्म्या दोन कप्पे भरून आहेत. माझे कपडे खुर्चीवर असतात.

समोरच्या काकूंचा मात्र मला हेवा वाटतो. त्यांच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावर जायचं, तोंडातून शब्द न काढता पाच नाहीतर सात खडे घेऊन यायचं, मनोभावे पूजा, नैवेद्य आणि तिसऱ्या दिवशी खडे परत पाण्यात. संपलं. ताम्हन पुसून जागेवर ठेवलं की काकू बाल्कनीत चहा पीत बसतात. कोकणस्थांच्या काटकसरीवर आम्ही देशावरच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या विनोद केले, पण गौरी उतरवायच्या संध्याकाळी मला त्या विनोदांची शरम वाटते. एवढ्या दूरदृष्टीच्या माणसांना आपण हसत होतो!

आमच्या गौरी उभ्याच्या. पितळी मुखवटे, धान्याच्या कोठ्यांची धडं, कापडात कापूस भरून केलेले हात, नऊवारी साड्या, दागिने, गजरे. नेसवताना चार बायका ‘निरी बघ किती सुरेख बसली’ म्हणत उभ्या असतात. ती निरी बसवण्यासाठी आत किती टाचण्या गेल्या हे मात्र नेसवणारीलाही आठवत नाही. त्या उतरवताना सापडतात, एकेक करून, आणि सगळ्या माझ्याच बोटांना. ज्येष्ठेचं सामान एका ट्रंकेत, कनिष्ठेचं दुसऱ्या, असा नियम आहे. हात ओळखू यावेत म्हणून सासूबाईंनी थोरलीच्या हातांना लाल दोरा बांधलाय आणि धाकटीच्या हातांना हिरवा. पण ओळखायच्या आधी ते सापडायला तर हवेत! गेल्या वर्षी थोरलीचा डावा हात मिक्सरच्या खोक्यातून निघाला.

आता मी बँकेत नोकरी करते. यंदा त्या दिवशी मला सुट्टी मिळाली नव्हती, पण ‘घरून मीटिंगला बसा’ एवढी कृपा झाली होती. बेडरूमचं दार लावून मी मुख्य कार्यालयातल्या साहेबांना थकीत कर्जांचे आकडे सांगत होते. माइक चालू होता. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, आणि आमच्या सासूबाईंचा आवाज तीन मजले ऐकू जातो.

“अगं ए! थोरलीला मी ट्रंकेत घातलंय, पण धाकटीचं धड कुठे टाकलंस? नुसता हातच सापडतोय!”

मीटिंगमध्ये शांतता पसरली. साहेब सोलापूरचे असते तर त्यांना लगेच उमगलं असतं. ते होते लखनौचे, नुकतेच मुंबईला बदलून आलेले. मराठी त्यांना बेताचंच येतं, पण ‘हाथ’ आणि ‘धड’ हिंदीतही तेच असतात. “मॅडम,” ते खूप सावकाश म्हणाले, “आप पहले घर का देख लीजिए. वसुली बाद में.” तेव्हापासून आमच्या शाखेचे आकडे उशिरा गेले तरी ते माझ्याशी फार अदबीने बोलतात.

मखरावर आमच्या लेकीने चमकी भुरभुरवली होती. चमकी ही काय वस्तू आहे हे ज्यांनी घरात आणली नाही त्यांना समजणार नाही. ती झाडूने निघत नाही, ओल्या फडक्याने निघत नाही. ती फक्त पुढे सरकते. मखरावरून फरशीवर, फरशीवरून पायांना, पायांवरून गादीला. अनंत चतुर्दशीच्या सुमाराला ‘अहों’च्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्यांना बाजूला घेऊन विचारलं, “काय रे, हल्ली संध्याकाळी कुठे जातोस?” नवऱ्याच्या कानामागे सोनेरी ठिपके होते. रांगोळीचंही तसंच. दारातली झाडून टाकली तरी बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या खाचेत जी गुलाबी पूड जाऊन बसते ती दिवाळीच्या रांगोळीला तिथूनच सामील होते. दिव्यांच्या माळांचं मी काही बोलत नाही. त्या ‘अहों’नी स्वतः ‘नीट’ गुंडाळून ठेवल्या आहेत आणि हे वाक्य आमच्या घरात पुरेसं आहे.

या सगळ्यात आमची लेक एके दिवशी तोंड धुता धुता ज्ञान घेऊन आली. कोणी मारी कोंडो नावाची जपानी बाई आहे म्हणे. 2011 साली तिने घर आवरण्यावर पुस्तक लिहिलं आणि ते जगभर खपलं, 2019 साली नेटफ्लिक्सवर तिचा कार्यक्रमही आला. पद्धत सोपी: एकेक वस्तू हातात घ्यायची आणि मनाला विचारायचं, हिने मला आनंद होतो का? होत असेल तर ठेवायची. नसेल तर तिचे आभार मानायचे आणि निरोप द्यायचा.

“आभार मानायचे? वस्तूचे?” सासूबाईंनी कान टवकारले.

“हो आजी. थँक्यू म्हणायचं आणि टाकायचं.”

“नमस्कार करून टाकायचं?” सासूबाई म्हणाल्या. “नमस्कार केलाय ना एकदा? मग राहू दे की.”

तरी लेकीने प्रयोग केलाच. 1987 सालची ती वाटी आजीच्या हातात दिली. “आजी, हिने तुला आनंद होतो?” सासूबाईंनी वाटी उलटसुलट करून पाहिली, आतून बोट फिरवलं, वजन तोललं. “आताच्या वाट्यांना असा पत्रा येत नाही,” म्हणाल्या आणि वाटी मांडणीवर गेली. मग डबे. मग झाकण नसलेले डबे. मग डबे नसलेली झाकणं. दुपारपर्यंत सासूबाईंना एकाही वस्तूने आनंद दिला नाही असं झालं नाही. उलट माळ्यावरून दोन विसरलेल्या पिशव्या खाली आल्या, त्यांनीही आनंद दिला, आणि हॉलमध्ये पाय ठेवायला होती नव्हती ती जागाही संपली. शेवटी लेकीने फोनमधून एक बातमी काढून वाचून दाखवली. त्याच मारी कोंडोबाईंनी 2023 साली सांगितलं होतं की तिसऱ्या मुलानंतर घर नीटनेटकं ठेवण्याचा त्यांचा आग्रह बऱ्यापैकी सुटला आहे.

“तिसऱ्यानंतर कळलं होय तिला?” सासूबाई म्हणाल्या आणि सोफ्यावर आडव्या पडलेल्या माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. “मला या पहिल्यालाच कळलं होतं.”

बाल्कनीतली बादली हा एक वेगळाच विषय. आम्ही पर्यावरणवाले. शाडूची मूर्ती, घरीच बादलीत विसर्जन. मूर्ती छान विरघळते, प्रश्नच नाही. पण ती माती? ती पवित्र, त्यामुळे मोरीत ओतायची नाही. वाळली की कुंडीत घालायची असं दरवर्षी ठरतं, आणि डोंबिवलीची हवा तिला वाळू देत नाही. मावशींना फरशी पुसायला बादली लागली की त्या बाल्कनीत जातात, वाकून बघतात, हात जोडतात आणि परत येतात. “देव आहे तिच्यात,” असं म्हणून यंदा त्यांनी बाथरूमची बादली घेतली. बाथरूमसाठी ‘अहो’ नवी बादली घेऊन आले. म्हणजे गणपती गेले आणि घरात एक वस्तू वाढली.

एवढं होईपर्यंत पितृपक्ष लागतो. अनंत चतुर्दशी आणि घटस्थापना यांच्या मधला हा पंधरवडा म्हणजे आवरायला मिळालेली एकुलती एक मुदत. नवरात्राच्या आधी घर झाडून-पुसून लख्ख हवं, अंथरुणं-पांघरुणं धुतलेली हवीत, हा सासूबाईंचा दंडक. मी ‘अहों’ना म्हटलं, “या रविवारी माळा आवरून टाकू या.”

“पक्ष चालू आहे ना?” ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले. “या दिवसांत नवीन काही सुरू करू नये म्हणतात.”

माळा आवरणं हे त्यांच्यासाठी नवीन काम आहे यावर मला वाद घालता येईना. खरंच आहे ते. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी अजून कोरं करकरीत आहे.

शेवटी सासूबाईंनीच हुकूम सोडला. घटाला चौरंग लागणार, चौरंग माळ्यावर, तेव्हा चढ. चौरंग अर्थातच सगळ्यांत आत होता, कारण गणपतीचं सामान ठेवताना तो आधी लागला म्हणून आधी सरकवला होता. ‘अहो’ स्टुलावर चढले. मी स्टूल धरलं. आतून एकेक गोष्ट खाली येऊ लागली: पुठ्ठ्याचं यंदाचं मखर, कापडाचं गेल्या वर्षीचं मखर, ‘नीट’ गुंडाळलेल्या माळा, दिवाळीचा आकाशकंदील, ज्याच्या झिरमिळ्या उंदरांनी संपवल्या आहेत, कूलरचं गवत आणि भाऊजींचा दुसरा मोजा. तो तिथे कसा गेला हे मी त्यांना नागपूरला फोन करून विचारणार आहे.

आणि मग खोल आतून ते आलं. अर्धं बाहेर आल्यावरच मी ओळखलं. सासऱ्यांनी पूर्वी एका गणपतीला रात्र-रात्र बसून, गरम तारेने कापून केलेलं थर्माकोलचं देऊळ. शिखर, कमानी, खांबांवर वेलबुट्टी, दाराशी दोन हत्ती. एका हत्तीची सोंड गेली आहे. 2018 साली राज्यात प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या वस्तूंवरही बंदी आली तेव्हापासून हे देऊळ माळ्यावर लपून आहे. वापरायची सोय नाही, टाकायची हिंमत नाही. आमच्या घरातलं हे एकमेव अनधिकृत बांधकाम.

‘अहो’ ते दोन्ही हातांनी धरून स्टुलावर उभे राहिले. थर्माकोलचे पांढरे मणी त्यांच्या केसांत, मिशांत, बनियनवर. एक हात सोडून चौरंग घ्यावा तर देऊळ पडणार, देऊळ ठेवावं तर खाली जागा नाही.

“आई, आता याचं करू काय?” ते वरून ओरडले. “वापरता येत नाही, कोणाला देता येत नाही. कायद्याने बंदी आहे याला!”

सासूबाई खुर्चीतून उठल्या, पदराने सोंड नसलेल्या हत्तीवरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, “ठेव परत आत. बंदी काय, उठेल कधीतरी.”

त्यांनी देऊळ आत ठेवलं. त्याच्या मागे चौरंग राहिला.